बंद दारांआडचा नाताळ : जपानमधील छुप्या ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा

नाताळ म्हटले की रोषणाईने उजळलेले चर्च, अंगणातील गव्हाणी आणि मध्यरात्रीच्या मिस्सेचा घंटानाद आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु जेथे ख्रिस्ती असणे हाच मृत्युदंडाचा अपराध होता, त्या जपानमध्ये धर्मगुरू आणि चर्च यांच्याविना दोन शतकांहून अधिक काळ नाताळ पाळला गेला. वसईच्या मातीशी नाते असलेली ही कथा आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

पहाऱ्यातील नाताळ

संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानमधील कागोशिमा येथे उतरले आणि त्या देशात सुवार्तेचे बीज पेरले गेले. पुढे सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ मध्ये मिशनरींना देशत्यागाचा हुकूम दिला. ८ डिसेंबर १५९६ रोजी फ्रान्सिस्कन बंधूंना अटक झाली. त्यांत वसईत जन्मलेले ब्रदर गोन्सालो गार्सिया होते. जपानी भाषा उत्तम अवगत असल्यामुळे ते दुभाष्याचे काम करीत. त्या वर्षीचा ख्रिस्तजन्माचा सण त्यांच्या वाट्याला बंदिवासात आला आणि तोच त्यांचा अखेरचा नाताळ ठरला. जानेवारीच्या आरंभी त्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापण्यात आल्या. भर हिवाळ्यात त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मरण आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

तारीख जपणारी माणसे

१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने संपूर्ण देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. १६४४ च्या सुमारास अखेरचा धर्मगुरूही हुतात्मा झाला. नागासाकी परिसरात दरवर्षी घराघरातील माणसांना प्रभू येशूच्या वा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. नकार देणाऱ्याचा छळ ठरलेलाच असे.

अशा काळात नागासाकीजवळच्या उराकामी येथील श्रद्धावंतांनी आपली व्यवस्था आपणच उभारली. एक जण सणावारांची तिथी राखी, दुसरा स्नानसंस्कार देई आणि तिसरा घरोघरी गुपचूप निरोप पोहोचवी. परंपरेनुसार बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाने १६३४ ची उपासना-दिनदर्शिका मागे ठेवली होती. तिच्या आधारे नाताळ आणि उपवासकाळ यांचे दिवस पिढ्यान्‌पिढ्या मोजले गेले. करुणेची बौद्ध देवता कान्नोन हिच्या मूर्तीत काहींनी पवित्र मरियेला पाहिले. पापनिवेदन ऐकण्यास धर्मगुरू नसल्यामुळे पश्चात्तापाची प्रार्थना हाच त्यांचा आधार होता. प्रतिमेवर पाय ठेवून घरी परतलेले कितीतरी जण अंतःकरणपूर्वक ती प्रार्थना म्हणत.

१७ मार्च १८६५

परकीयांसाठी देश खुला झाल्यावर पॅरिसच्या मिशनरी संस्थेच्या फादरांनी नागासाकीत ओउरा येथे चर्च उभारले आणि ते निशिझाकाच्या २६ हुतात्म्यांना समर्पित केले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही लोक तेथे आले. आमचे आणि आपले हृदय एकच आहे, असे एका स्त्रीने फादर पेटिजाँ यांच्या कानी सांगितले आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. मूर्तीच्या हातातील बाळ येशूला पाहून त्यांना नाताळ आठवला. दहिवराच्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी आम्ही प्रभूचा जन्म साजरा करतो आणि सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे, असे ते म्हणाले. तो दिवस खरोखरच उपवासकाळातला शुक्रवार होता. दोन शतके उलटूनही त्यांची गणना सुटली नव्हती.

छळ मात्र संपला नव्हता. १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले व त्यांपैकी सहाशेहून अधिक जण मरण पावले. अखेर १८७३ मध्ये बंदी उठली.

दोन प्रकारचे धैर्य

क्रुसावर प्राण देणाऱ्या गोन्सालोंना आपण वेदीवर मान देतो आणि ते योग्यच आहे. परंतु दारे लावून मुलाबाळांना प्रार्थना शिकवणाऱ्या, भीतीपोटी कधी वाकलेल्या आणि पुन्हा उठून उभ्या राहिलेल्या त्या अनामिक आईबापांचे काय? त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही संतमालिकेत नाहीत. तरीही त्यांनी दिवस मोजले नसते, तर हुतात्म्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या त्या चर्चच्या दारी १८६५ मध्ये कोण आले असते? हुतात्म्यांचे धैर्य एका क्षणी दिसले; या घरांचे धैर्य रोजच्या जगण्यात दडलेले होते. ख्रिस्तसभेला दोन्ही हवे असतात, असे आम्हांस वाटते.

आजही जगात कित्येक ठिकाणी ख्रिस्ती कुटुंबांना हा सण दबक्या आवाजात साजरा करावा लागतो. यंदा मध्यरात्रीच्या मिस्सेला घंटा घुमेल तेव्हा ज्यांच्या घरी ती वाजू शकत नाही, त्यांच्यासाठी आपण एक प्रार्थना अवश्य करू या.