एक वाक्य, तीन वह्या

साल 1981. तुम्ही ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, आठवडी हाटात उभे आहात. पलीकडे सिंहभूम, तो अजून बिहारात. झारखंड व्हायला एकोणीस वर्षं आहेत. पूर्वेला बंगाल. कुणीतरी सालाच्या पानांचा द्रोण पुढे करतं. आत हंडिया, भाताची आंबवलेली पेज. नको म्हणू नका.

शेजारी तिघे भाऊबंद गप्पांत रंगलेत. बोली भूमिज, मुंडारीची सख्खी बहीण. शब्दाच्या शेवटी एखादं व्यंजन घशातच अडतं, पुरतं बाहेर पडत नाही. तुम्ही वह्या पुढे करता: हेच वाक्य लिहून द्या. एक ओडिया शाळेत शिकलेला, दुसरा बांगला, तिसरा हिंदी. तिन्ही वह्या भरतात आणि लगेच घोळ होतो. मघापर्यंत एकमेकांचं बोलणं तोडणाऱ्या या तिघांना आता एकमेकांचं अक्षर लागत नाही. ते अडलेलं व्यंजन प्रत्येकाने आपापल्या परीने उरकलंय.

शेजारच्या संथाळ आदिवासींचं तसं नाही. त्यांच्यासाठी ओल चिकी घडवणारे रघुनाथ मुर्मू याच जिल्ह्यातले; 1925 पासून ती लिपी आहे. भूमिजसाठी ते काम महेंद्रनाथ सरदार अंगावर घेतात. लिपीचं नाव ओल ओनल.

आता थेट 1992 मध्ये या, लिपी पुरी झालीय. गिरवून पाहा. हात सवयीने शिरोरेघ ओढायला जातो. इथे ती नाही. काना-मात्रा नाहीत, प्रत्येक स्वराला स्वतःचं पूर्ण अक्षर. अक्षरं तीस, अंक दहा, तेही स्वतःचे. नाकातल्या उच्चाराला वेगळी खूण.

बोलणारेच घटताहेत, मग लिपी कशाला, असं कुणी म्हणेलच. 2011 च्या जनगणनेत लाखोंच्या भूमिज जमातीत ही मातृभाषा सांगणारे जेमतेम 27,506 निघतात. पण त्या तीन वह्या पाहिल्यावर मला तरी हा आक्षेप पटत नाही.

सप्टेंबर 2024. लिप्यांना संगणकीय संकेतांक देणाऱ्या युनिकोडच्या सोळाव्या आवृत्तीत ओल ओनलची 44 चिन्हं दाखल होतात. (शतकानुशतकं दप्तरं भरणाऱ्या आपल्या मोडीलाही तिथे 2014 पर्यंत थांबावं लागलं होतं.) तुम्ही उत्साहाने फोन काढता, एक शब्द मागवता. पडद्यावर नुसते चौकोन. संकेतांक मिळाले; फोनमध्ये फॉन्ट आणि कीबोर्ड बसवायचं काम अजून कुणीतरी करायचंय.