जानेवारीतील कुंपणे

४. 'भिंग घेऊन कुंपण तपासणारी माणसे' : लेखकाला ऑक्सफर्डशायरमध्ये दिसलेली ही मंडळी ब्राऊन हेअरस्ट्रीक या फुलपाखराची अंडी शोधत असावीत. हे फुलपाखरू उन्हाळ्याच्या अखेरीस उडते, पण बहुतेक वेळ ॲशसारख्या उंच झाडांच्या शेंड्यांवर माव्याचा गोड चिकटा चाखत राहते. त्यामुळे ते क्वचितच दृष्टीस पडते. म्हणून त्याची मोजदाद अंड्यांवरून करतात. मादी खाली उतरून ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाच्या कोवळ्या फांद्यांवर, बहुधा काट्याच्या किंवा कळीच्या बेचक्यात, एकेकटे अंडे घालते. अंडे मिलिमीटरभरही नसते. भिंगाखाली त्यावर बारीक खळगे दिसतात. हिवाळ्यात पाने गळली की काळपट सालीवर हा पांढरा ठिपका उठून दिसतो. अळी वसंतात, पालवी फुटताना बाहेर येते; तोवर सारी पुढची पिढी या उघड्या फांद्यांवरच असते. शेताची जिवंत कुंपणे दरवर्षी यंत्राने छाटली, तर नव्या फांद्यांबरोबर बहुतेक अंडीही जातात. 'बटरफ्लाय कन्झर्व्हेशन' या संस्थेचे स्वयंसेवक म्हणूनच अशा नोंदी ठेवतात आणि कुंपण एकाच वर्षी सगळे न छाटता, दोन-तीन वर्षांत आळीपाळीने छाटावे, असा आग्रह धरतात. शेतकऱ्याला यात फारसे काही सोडावे लागत नाही, फुलपाखराचा मात्र वंश टिकतो. — संपा.