डासांच्या अळ्यांचं आतडं फोडणारा जिवाणू: 'बीटीआय' नेमकं काय करतं?

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मात्र 500 मिलीमीटरच्या आसपास. माण, खटाव आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातले जत, आटपाडी हे दुष्काळी तालुके. टंचाईत टँकर येतो आणि आलेलं पाणी बॅरल, हौद, टाकी, जे असेल त्यात भरून ठेवलं जातं. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा' हा आरोग्य विभागाचा सल्ला बरोबरच आहे. पण पुढचा टँकर कधी येईल याचा भरवसा नसताना अर्धा भरलेला बॅरल कोण ओतून देईल?

अडचण अशी की, डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती डास नेमका अशाच साठवलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे पाणी न ओतता अळ्या मारणारे उपाय इथे जास्त महत्त्वाचे. गप्पी मासे आणि 'अ‍ॅबेट' नावाने ओळखलं जाणारं टेमिफॉस हे औषध बऱ्याच जणांना माहीत असतं. तिसरा उपाय म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, थोडक्यात बीटीआय.

वाळवंटातल्या डबक्यातून

1976 साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात, आटलेल्या नदीपात्रातल्या एका डबक्यात डासांच्या अळ्या मरून पडलेल्या आढळल्या. योएल मार्गालिथ आणि लिओनार्ड गोल्डबर्ग यांनी तिथून हा जिवाणू वेगळा केला. दुष्काळी भागाच्या कामाची गोष्ट वाळवंटातच सापडली, हा योगायोग भारीच म्हणायचा.

अळी मरते कशी?

हा जिवाणू बीजाणू तयार करताना सोबत प्रथिनांचे सूक्ष्म स्फटिक बनवतो. डासाची अळी पाण्यातले बारीक कण गाळून खाते, त्यात हे स्फटिकही पोटात जातात. अळीच्या आतड्यातला द्रव खूप अल्कधर्मी असतो, त्यात स्फटिक विरघळतात. मग तिचेच पाचक रस त्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि विष जागं होतं. ते आतड्याच्या पेशींना चिकटतं, त्यांना छिद्रं पाडतं. पेशी पाणी शोषून फुगतात, फुटतात. अळी खाणं थांबवते आणि साधारण एका दिवसात मरते.

माणसाचं जठर याउलट आम्लधर्मी असतं आणि हे विष ज्याला चिकटतं ते रेणू आपल्या आतड्यात नसतात. म्हणूनच ठरावीक दर्जाचं बीटीआय ठरलेल्या प्रमाणात पिण्याच्या पाण्याच्या साठ्यातही वापरता येतं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. प्रमाण मात्र अंदाजाने ठरवायचं नाही. पाकिटावरच्या सूचना किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांचं ऐकायचं.

डास याला सरावत नाहीत का?

बीटीआयमध्ये एक नाही, चार मुख्य विषं असतात: क्राय4एए, क्राय4बीए, क्राय11एए आणि सायट1एए. यातलं सायट1एए थेट पेशीच्या आवरणात घुसतं आणि क्राय11एएला चिकटायला जागाही करून देतं. म्हणजे डासाने एक वाट बंद केली तरी दुसरी उघडी राहते.

लायसिनिबॅसिलस स्फेरिकस या दुसऱ्या जिवाणूचं तसं नाही. त्याचं मुख्य विष बिनए आणि बिनबी या जोडीचं असतं आणि ते एकाच प्रकारच्या रेणूला चिकटतं. 1990च्या दशकात केरळमधल्या कोचीत क्युलेक्स डासांमध्ये त्याला दाद न देण्याची क्षमता आढळली होती. तरी गटारं आणि घाण पाण्यात हा जिवाणू बीटीआयपेक्षा जास्त टिकतो. ऑगस्ट 2019च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. असा पूर ओसरल्यावर मागे राहणारी गढूळ डबकी आणि जतमधला झाकलेला बॅरल यांना एकच औषध सारखं लागू पडत नाही. गढूळ पाण्यात बीटीआय गाळाला चिकटून तळाशी बसतं.

कृषी सेवा केंद्रातलं 'बीटी' चालेल का?

नाही. पिकांवर फवारलं जाणारं बीटी बहुतेक वेळा 'कुर्स्टाकी' प्रकारचं असतं. ते पतंगवर्गीय किडींच्या अळ्यांसाठी असतं, डासांसाठी उपयोगाचं नाही. पाकिटावर 'इस्रायलेन्सिस' लिहिलंय का, हे बघायला हवं.

बीटीआयलाही मर्यादा आहेत. ते खाल्लं तरच काम करतं. डासाचा कोष काही खात नाही, त्यामुळे कोषावर त्याचा परिणाम शून्य. उन्हातल्या, रोज पाणी उपसून पुन्हा भरल्या जाणाऱ्या बॅरलमध्ये त्याचा जोर लवकर ओसरतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. अंड्यांनाही ते मारत नाही. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते आणि ती कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे दोन टँकरच्या मध्ये बॅरल आपोआप रिकामा होईल, तेव्हा तो नुसता विसळून भागत नाही. आतली बाजू ब्रशने खरवडून मगच नवं पाणी भरायचं.