अग्निवर्षाव आणि मनःस्वास्थ्य

युद्धाच्या इतिहासांत सेनापतींच्या डावपेंचांस जेवढी जागा मिळते, तिच्या शतांशानेंही सामान्य गृहस्थाच्या झोपेस मिळत नाहीं. वस्तुतः लोकांस झोप लागते कीं नाहीं, त्यांचें मन ठिकाणावर राहतें कीं नाहीं, या प्रश्नावर विसाव्या शतकांत राष्ट्रांनीं आपलीं धोरणें आंखलीं. आणि तीं आंखतांना जाणत्यांचे अंदाज किती सपशेल चुकले, हें लंडन शहराच्या उदाहरणावरून पाहण्यासारखें आहे.

इ. स. १९३८ मध्यें लंडनच्या नामांकित रुग्णालयांतील मनोविकारतज्ज्ञांच्या एका मंडळानें ब्रिटिश आरोग्यखात्यास इशारा दिला कीं, विमानांतून बाँबवर्षाव सुरू झाल्यास शरीरानें जखमी होणाऱ्या प्रत्येक माणसामागें मनानें जायबंदी झालेलीं तीन माणसें निघतील, आणि पहिल्या सहा महिन्यांत अशा रोग्यांची संख्या तीस-चाळीस लाखांवर जाईल. हे कोणी रस्त्यावरचे ज्योतिषी नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून परतलेले, वाचा गेलेले, रात्रीं किंचाळत उठणारे सैनिक त्यांच्या पिढीनें पाहिले होते. कसलेल्या जवानांची ही दशा, मग बायकामुलांचें काय होईल, असा त्यांचा सरळ तर्क होता. तो सरळ होता हाच त्यांतला दोष!

७ सप्टेंबर १९४० रोजीं लंडनवर अग्निवर्षाव सुरू झाला. पुढच्या ५७ रात्रींपैकीं ५६ रात्रीं तो चालूच होता, आणि १९४१ च्या मे महिन्यापर्यंत सबंध देशांत चाळीस हजारांहून अधिक नागरिक प्राणांस मुकले. परंतु वेडाची लाट कांहीं आली नाहीं. मनोरुग्णांसाठीं मुद्दाम उघडलेल्या चिकित्सालयांत रोगी येईनात; आत्महत्यांचें प्रमाण तर उलट घटलें. डॉक्टर ऑब्री लुइस यांनीं १९४२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत आढळलें तें असें कीं, मोठ्या हल्ल्यानंतर चिंताविकाराच्या तक्रारी थोड्याशा वाढत, तथापि एकंदर मनोविकारांत म्हणण्यासारखी भर पडलेली नाहीं. आग विझविणें, जखमींस उचलणें, चहा करून वाटणें, असें कांहींतरी काम ज्यांच्या हातीं होतें, त्यांचीं मनें अधिक तग धरीत, असेंही अनेकांस दिसून आलें.

भुयारी रेल्वेचा किस्सा तर मोठा बोधक आहे. स्थानकांचा निवारा म्हणून उपयोग करण्यास सरकारची प्रथम मनाई होती. भीति अशी कीं, लोक एकदां खालीं गेले म्हणजे पुन्हां वर येणार नाहींत, उंदराप्रमाणें बिळांतच राहतील. लोकांनीं वाद घातला नाहीं. दीड पेनीचें तिकीट काढलें, खालीं उतरले, आणि गाडींत न बसतां फलाटावर पथारी पसरली. सरकारला नमावें लागलें. सप्टेंबरअखेर एका रात्रीं सुमारें १,७७,००० माणसें खालीं झोपल्याची नोंद आहे. पुढें तेथें बिछान्यांच्या फळ्या आल्या, खाद्यपेयांच्या गाड्या आल्या, वाचनालयें आलीं. आणि सकाळ झाली कीं हीं ‘बिळांतलीं’ माणसें वर येऊन मुकाट्यानें कामावर जात. नोव्हेंबरांतील गणतींत तर आढळलें कीं, भुयारांत शेंकडा चारच लोक जातात आणि निम्म्याहून अधिक आपल्या घरींच झोपतात.

आम्हांस येथें इंग्रजांचें स्तोत्र गावयाचें नाहीं. संकटांत सर्व समान, हें वचन तेव्हांही पुरतें खरें नव्हतें. सप्टेंबर १९४० मध्यें स्टेपनीच्या गरीब वस्तींतील मंडळी सॅव्हॉय या श्रीमंती हॉटेलाच्या तळघरांत घुसलीं, तीं उगीच नव्हे. परंतु त्या संकटानें माणसांस एका फलाटावर आणून निजविलें, ही गोष्ट लहान नाहीं. २०२० च्या साथींत आपल्याकडे नेमकें उलट झालें. शेजाऱ्याचा आधार घ्यावा, तर शेजाऱ्याच्या श्वासाचेंच भय! त्या दोन वर्षांचें ओझें लंडनच्या मापानें मोजूं नये, असें आम्हांस वाटतें.

ज्या एका ठिकाणीं मनास खरोखर जखम झाली, तेथें ती बाँबनें झाली नव्हती. १९३९ च्या सप्टेंबरांत तीन दिवसांत सुमारें पंधरा लाख माणसें, बहुतांशीं मुलें, शहरांतून खेड्यांत हलविलीं गेलीं. हेतु निःसंशय चांगला. पण त्याच डिसेंबरांत बोल्बी, विनिकॉट आणि मिलर या तीन डॉक्टरांनीं वैद्यकीय पत्रिकेस लिहून बजावलें कीं, अगदीं लहान मुलांस आईपासून तोडणें धोक्याचें आहे. पुढें व्हिएन्नाहून परागंदा होऊन आलेल्या ॲना फ्रॉइड यांनीं डोरोथी बर्लिंगहॅम यांच्या साह्यानें हॅम्पस्टेड येथें बालगृह चालविलें. तेथें त्यांस दिसलें कीं, आई जवळ असून ती शांत असेल तर मूल धडाक्यांतही झोपतें. आई थरथरत असेल तर मूलही थरथरतें. आणि आईच नसेल तर सुरक्षित खेड्यांतही तें झुरतें, बोलावयाचें विसरतें, पुन्हां अंथरूण ओलें करूं लागतें. आयांस हें कोणीं सांगावें लागलें नव्हतें. जानेवारी १९४० पर्यंत गेलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक माणसें घरीं परतलीं होतीं. अधिकाऱ्यांनीं यास अडाणीपणा म्हटलें.

प्लिमथ येथेंही तसेंच झालें. १९४१ च्या वसंतांत तेथील हजारों लोक रोज संध्याकाळीं गांवाबाहेर पायीं जात, कोठारांत, झुडपांखालीं निजत आणि सकाळीं कामावर परत येत. वरिष्ठांस हा धीर सुटल्याचा पुरावा वाटला. आमच्या मतें एक रात्र धड झोपण्यासाठीं दहा मैल चालणारा माणूस धीर सोडलेला नसतो. तो धीर जपत असतो.

आतां या कथेचा उत्तरार्ध. हल आणि बर्मिंगहॅम या शहरांतील लोकांचें मनोधैर्य बाँबनें कितपत खचलें, याची पाहणी बर्नाल आणि झुकरमन या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं झाली. मनोधैर्य मोडल्याचा पुरावा मिळत नाहीं, असा तिचा निष्कर्ष होता. चर्चिल यांचे सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनीं तो अहवाल पुरा होण्याआधींच, ३० मार्च १९४२ रोजीं, त्याच पाहणीचा हवाला देऊन नेमकें उलट लिहिलें: घर उध्वस्त झालें म्हणजे माणसाचें मन सर्वांत अधिक खचतें, तेव्हां जर्मनांचीं घरें पाडावीं. घरें पडत राहिलीं. १९४३ च्या जुलैंत हॅम्बुर्ग जळलें. युद्ध संपल्यावर १९४५ मध्यें अमेरिकन पाहणी-मंडळ जर्मनींत गेलें, तेव्हां त्यास आढळलें कीं, लोकांचीं मनें उदास झालीं होतीं, विजयाची आशा मावळली होती, पण सकाळीं उठून कारखान्यांत जाणें त्यांनीं शेवटपर्यंत सोडलें नव्हतें.