उन्हाळ्यात वकिलांना काळा कोट सक्तीचा आहे का? वाचा नियम काय सांगतो

पिंपरी पेंढार : बांधाचा वाद, वाटणीचा दावा, नाहीतर वहिवाटीचा रस्ता. कशासाठी ना कशासाठी आपल्याकडच्या माणसाला जुन्नरच्या कोर्टाची पायरी चढावीच लागते. आंबेगावकरांना घोडेगाव, आणि सेशनचं काम निघालं की राजगुरुनगर. एप्रिलमध्ये पारा चाळीसकडे सरकतो, तेव्हा आपण उपरणं भिजवून डोक्यावर घेतो आणि वकीलसाहेब मात्र काळ्या कोटात घामाघूम. मग पारावर विषय निघतोच, हा कोट काढता येत नाही का?

नियम कुणाचा?
वकिलांचा पोशाख ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठरवला आहे. काळा कोट, पांढरा शर्ट आणि गळ्याला पांढरे बँड. महिला वकिलांना काळं जाकीट किंवा ब्लाऊज, सोबत साधी साडी किंवा पंजाबी ड्रेसही चालतो. गाऊन फक्त सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात सक्तीचा आहे, बाकी ठिकाणी ऐच्छिक.

उन्हाळ्यात सूट आहे का?
आहे. सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. पांढरा शर्ट, काळी, पांढरी, पट्ट्यांची किंवा करडी पँट आणि काळा टाय किंवा बँड एवढं पुरतं. म्हणजे जुन्नर, घोडेगावच्या वकिलांना ही मुभा आधीपासूनच आहे. अडचण एवढीच की उन्हाळा कोणत्या तारखेपासून धरायचा, हे नियमात लिहिलेलं नाही.

मोठ्या कोर्टांचं काय?
तिथेही सूट मिळावी म्हणून एक वकील सर्वोच्च न्यायालयात गेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने आदेश द्यायला नकार दिला. चंद्रचूड घराणं मूळचं आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या कनेरसरचं. कोर्टाची शिस्त राखणारा पोशाख हवाच, पण राजस्थान आणि बंगळुरूचं हवामान सारखं नाही, म्हणून बार कौन्सिलकडे दाद मागा, असं खंडपीठाने सांगितलं. केरळ उच्च न्यायालयाने मात्र २०२३ च्या उन्हाळ्यात वकिलांना सवलत दिली होती. कोरोनात, मे २०२० मध्ये, व्हिडिओ सुनावणीसाठी कोट-गाऊन बाजूला ठेवून पांढरा पोशाख आणि बँड चालला. त्याने कामकाज अडलं नाही.

दोन्ही बाजू
कोट राहावा म्हणणाऱ्यांचंही खरं आहे. कोर्टाच्या आवारातल्या गर्दीत कोटामुळे वकील ओळखू येतो. लांबून आलेल्या म्हाताऱ्या पक्षकाराला कुणापाशी जायचं ते कळतं, एजंटाच्या हाती तो लागत नाही. पण ही ओळख पांढरा शर्ट आणि बँडनेही होते. काळा रंग ऊन शोषतो, आणि वकिलाचा जीव कासावीस झाला तर नुकसान पक्षकाराचंच. तारीख वाया गेली की आपला एक दिवसाचा रोज बुडतो.

त्यामुळे तालुक्याच्या पातळीवर नवीन नियमापेक्षा गरज आहे ती दरवर्षी मार्च लागताच तारखा जाहीर करण्याची. म्हणजे कोट काढू की नको, ही वकिलांची घालमेल थांबेल.

पक्षकारांसाठी : हा ड्रेसकोड फक्त वकिलांना आहे. आपण साध्या, स्वच्छ कपड्यांत गेलं तरी चालतं. पाण्याची बाटली मात्र बरोबर घ्या.