मोटारसायकलची घरगुती देखभाल : काय करावे, कोठे थांबावे

भारतातील कोट्यवधी कुटुंबांसाठी मोटारसायकल हे रोजच्या उपजीविकेचे साधन आहे. रस्त्यावरील जीवितहानीचा मोठा भारही दुचाकीस्वारांवरच पडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. अशा अपघातांचे प्रमुख कारण म्हणून अतिवेगाची नोंद होते. तथापि, झिजलेला टायर, ढिली चेन किंवा सैल ब्रेक यांमुळे चालकाला सावरण्यासाठी मिळणारा अवधी आणखी कमी होतो. हे दोष ओळखण्यासाठी घराच्या अंगणातील पंधरा मिनिटांची तपासणी बहुधा पुरेशी असते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ (बीएस-६) मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शन प्रणालीने घेतली. पेचकसाने कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून गाडी ‘ट्यून’ करण्याचा घरगुती उद्योग या गाड्यांपुरता संपला. टायर, चेन, ब्रेक आणि तेल यांची नियमित काळजी मात्र आजही पूर्वीइतकीच मालकाच्या हाती आहे.

टायर आणि हवा

हवेचा दाब टायर थंड असताना, म्हणजे गाडी चालविण्यापूर्वी मोजावा. चालविल्यानंतर टायर तापतो व दाब प्रत्यक्षाहून जास्त दिसतो. १०० सीसी गटातील अनेक गाड्यांत एकट्या चालकासाठी पुढे २५ व मागे २८ पीएसआय दाब सुचविलेला असतो. मागे दुसरी व्यक्ती बसणार असल्यास मागच्या टायरचा दाब वाढवावा लागतो. नेमका आकडा मालक पुस्तिकेत व बहुधा चेनकव्हरजवळील स्टिकरवर असतो. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीवर आला की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. टायरच्या बाजूवरील चार अंकांतून त्याचे वय कळते : ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

चेन

चेनचा ताण गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, दोन दंतचक्रांच्या मध्यभागी खालची चेन बोटाने वर-खाली करून पाहावा. १०० ते १५० सीसी गाड्यांत ही हालचाल साधारण २० ते ३५ मिलिमीटर असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहावा. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे आणि सर्वांत ताणलेल्या जागी ताण योग्य ठेवावा. अती घट्ट चेनही घातक असते, कारण खड्ड्यात मागचे चाक वर उचलले जाताना तिच्यावर व बेअरिंगवर जादा ताण येतो.

ताण बदलताना मागच्या एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे समायोजक सारखेच फिरवावेत. दोन्हीकडील खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरके बसते. नट पुन्हा पूर्ण घट्ट केल्यावर आणि पिन असल्यास ती बसविल्यावर मागच्या ड्रम ब्रेकचा ताण व ब्रेक दिवा तपासावा, कारण चाक सरकल्याने दोन्हींत फरक पडतो.

चेन स्वच्छ करताना किंवा तेल देताना इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवावे. गाडी डबल स्टँडवर लावून, गिअरमध्ये चालू ठेवून चेन पुसण्याची सवय बोटे गमावण्यास कारण ठरते. चेनमध्ये रबरी ओ-रिंग असल्यास पेट्रोल व तारेचा ब्रश टाळावा. दंतचक्राचे दाते आकड्यासारखे वाकलेले दिसल्यास चेन व दोन्ही चक्रे एकत्रच बदलावीत. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर खराब होते.

इंजिन तेल

बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल पुरते. मोटारीच्या काही तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे दुचाकीचा क्लच घसरू शकतो. त्यासाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण व पुस्तिकेत दिलेली श्रेणी पाहून तेल घ्यावे. पातळी तपासताना इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, थोडे थांबावे आणि गाडी सपाट जागी सरळ उभी ठेवावी. अनेक गाड्यांत मोजपट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते. जुने तेल घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा मातीत न ओतता बंद डब्यातून गॅरेज अथवा अधिकृत संकलकाकडे द्यावे.

ब्रेक

ड्रम ब्रेकच्या बाहेरील बाण झिजेच्या खुणेपर्यंत पोहोचला असेल, तर केबल वा रॉड आवळून उपयोग नाही. ब्रेक शू बदलावे लागतात. डिस्क ब्रेकच्या टाकीतील द्रवाची पातळी खाली गेली म्हणजे गळतीच असेल असे नाही. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. अशा वेळी केवळ द्रव भरत राहिल्यास खरा दोष झाकला जातो.

ब्रेक द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषलेल्याचा १५५ अंश असतो. लांब घाटउतारावर ब्रेक तापले की जुना द्रव उकळतो, नळीत बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत तो बदलावाच.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना अँटी-लॉक ब्रेक प्रणाली (एबीएस) आणि त्याखालील दुचाकींना किमान संयुक्त ब्रेक प्रणाली बंधनकारक झाली. संयुक्त प्रणालीत एका ब्रेकचे समायोजन दुसऱ्यावर परिणाम करते. एबीएसचा दिवा गाडी धावू लागल्यावरही विझला नाही, तर गाडी सेवा केंद्रात न्यावी.

फिल्टर, प्लग आणि बॅटरी

फोमचा एअर फिल्टर धुता येतो. तेल लावलेला कागदी फिल्टर धुवू नये वा फुंकू नये, तो बदलावा. धुळीच्या प्रदेशात ही मुदत कमी होते. स्पार्क प्लग इंजिन थंड असतानाच काढावा आणि बसविताना पहिले आटे हातानेच फिरवावेत. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडावे व जोडताना शेवटी जोडावे. इंधन इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण उतरल्यास इंधन पंप चालत नाही आणि किक मारूनही गाडी सुरू न होण्याची शक्यता असते.

कोठे थांबावे

एबीएसचे भाग, ब्रेकच्या नळ्या, इंधन पंप, इंजिनचा अंतर्भाग आणि चाकाचे बेअरिंग ही कामे प्रशिक्षित मेकॅनिककडे सोपवावीत. दुरुस्ती आणि बदल यांतील सीमाही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही.

घरी केलेल्या प्रत्येक दुरुस्तीनंतर, गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी दोन्ही ब्रेक जागेवरच दाबून पाहावेत. डिस्कचे पॅड बदलले असल्यास लिव्हर घट्ट लागेपर्यंत ते अनेक वेळा दाबावे लागते; पहिल्या काही दाबांत ब्रेक लागतच नाही. ही खात्री झाल्यावरच रिकाम्या रस्त्यावर कमी वेगाने एक फेरी मारावी आणि परतल्यावर सोडलेला प्रत्येक नट पुन्हा पान्याने तपासावा.