एडिंबरोचा सभात्याग

धर्मसंस्थेत फूट पडली की तिचा इतिहास बहुधा मतभेदांचा म्हणून लिहिला जातो. कोण कोणाविरुद्ध गेले, याचीच चर्चा होते. परंतु त्या फुटीत जे एकत्र उभे राहिले, ते कशाच्या बळावर राहिले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. त्या दृष्टीने स्कॉटलंडमधील १८४३ सालची हकीकत पाहण्यासारखी आहे.

स्कॉटलंडचे राष्ट्रीय चर्च प्रेस्बिटेरियन पंथाचे. त्यात बिशप नाहीत. पाद्री आणि निवडलेले वडीलधारे यांच्या सभा कारभार पाहतात व वर्षातून एकदा एडिंबरोला महासभा भरते. मात्र १७१२ सालच्या कायद्याने गावावर पाद्री नेमण्याचा हक्क पुष्कळ ठिकाणी जमीनदाराकडे गेला होता. हा हक्क आपल्याकडील वतनासारखाच. वारसाने मिळे आणि विकतही घेता येई. १८३४ साली महासभेने ठरविले की, चर्चच्या सभासदांतील बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नको म्हटले, तर तो पाद्री त्यांच्यावर लादू नये.

त्याच साली ऑख्टरार्डर गावी कसोटी लागली. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नकार दिला. पसंतीच्या कागदावर गावातल्या अवघ्या दोघांच्या सह्या होत्या. उमेदवार व जमीनदार न्यायालयात गेले. १८३८ साली एडिंबरोच्या न्यायालयाने आणि १८३९ साली लंडनच्या लॉर्डसभेने त्यांच्या बाजूने कौल दिला. जमीनदाराचा हक्क ही मालमत्ता ठरली. लोकांच्या नकाराला कायद्यात किंमत उरली नाही. पुढे जानेवारी १८४१ मध्ये मार्नॉक गावी ज्याला एकट्या खानावळवाल्याची पसंती होती, असा पाद्री बसविण्यात आला. तेव्हा गावकरी आपापली बायबले उचलून, बाहेर बर्फ असतानाही, चर्च सोडून निघून गेले.

आता प्रश्न पाद्र्यांचा होता. सरकारी चर्च सोडायचे म्हणजे पगार जाणार, चर्चच्या मालकीचे राहते घर जाणार, त्याबरोबरची जमीनही जाणार. विरोधकांचा अंदाज असा की, तोंडाने बोलणारे पुष्कळ निघतील, पण प्रत्यक्ष बाहेर पडणारे मूठभरच. हा अंदाज चुकला, याचे कारण पूर्वतयारीत आहे. नोव्हेंबर १८४२ मध्ये चारशेहून अधिक पाद्री एडिंबरोला जमले व बंद दाराआड अनेक दिवस बोलले. प्रत्येकाला आपल्या शेजाऱ्याचा निश्चय समोरासमोर ऐकता आला. डॉ. थॉमस चामर्स यांनी त्याच वेळी निधीची योजना मांडली. अनुयायांनी आठवड्याला एक पेनी का होईना, पण नियमाने द्यावी. ती रक्कम मध्यवर्ती निधीत जमा व्हावी. आणि तिच्यातून श्रीमंत शहरातल्या व दरिद्री डोंगराळ गावातल्या पाद्र्याला सारखाच वाटा मिळावा. ज्याने संप चालविला आहे, त्याला या योजनेचे महत्त्व सांगावे लागत नाही. सदसद्विवेकबुद्धी माणसाला दारापर्यंत नेते. दाराबाहेर टिकून राहण्यास घरची चूल पेटती लागते.

१८ मे १८४३ रोजी जॉर्ज स्ट्रीटवरील सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये महासभा भरली. मावळते अध्यक्ष डॉ. डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचले, टेबलावर ठेवले, राणीच्या प्रतिनिधीला नमस्कार केला आणि ते चालू लागले. मागोमाग चामर्स व रांगच्या रांग निघाली. टेकडी उतरून ते टॅनफील्डच्या सभागृहात गेले व तेथे त्यांनी फ्री चर्चची स्थापना केली. सुमारे १२०० पाद्र्यांपैकी ४७४ जणांनी राजीनाम्याच्या लेखावर सह्या केल्या. वर्षाला एक लाख पौंडांहून अधिक उत्पन्नावर त्यांनी पाणी सोडले.

हाल झालेच. कित्येक जमीनदारांनी नव्या चर्चसाठी जागा देण्याचे नाकारले. कॅनबी येथे लोकांना रस्त्यावर प्रार्थना करावी लागली. स्ट्रॉन्शियनच्या लोकांनी १८४६ साली लोखंडी तरंगते चर्च बांधवून घेऊन ते खाडीत नांगरले. शेकडो शाळामास्तरांच्या नोकऱ्या गेल्या.

या घटनेचा धागा आपल्या मुंबईपर्यंत पोचतो. स्कॉटिश चर्चच्या भारतातील सर्व मिशनऱ्यांनी फ्री चर्चची बाजू घेतली. डॉ. जॉन विल्सन त्या वेळी मायदेशी निघालेले होते. मुंबईत रॉबर्ट नेस्बिट व मरे मिचेल होते. त्यांच्या शाळेची नुकतीच बांधलेली इमारत जुन्या चर्चकडे गेली आणि शिक्षक-विद्यार्थ्यांना दुसरीकडे बस्तान बसवावे लागले. १८३२ साली सुरू झालेल्या या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले.

येथे थांबलो, तर चित्र एकांगी होईल. १८४४ साली फ्री चर्चच्या शिष्टमंडळाने अमेरिकेतून सुमारे ३००० पौंड आणले. त्यांत गुलामांच्या मालकांनी दिलेला पैसाही होता. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस १८४६ साली स्कॉटलंडभर सभा घेऊन हा पैसा परत पाठवा, अशी मागणी करीत हिंडले. चर्चने तो परत केला नाही. जमीनदाराच्या हक्कापुढे न झुकलेली माणसे गुलामाच्या घामाच्या पैशापुढे गप्प बसली. आपल्यावरील अन्याय ओळखणे सोपे असते. आपला निधी दुसऱ्यावरील अन्यायातून भरतो आहे, हे ओळखणे कठीण जाते. एकी जितकी घट्ट, तितका आतून उठणारा असा प्रश्न फुटीरपणाचा वाटू लागतो. हा अनुभव केवळ पाद्र्यांपुरता नाही.

१८७४ साली पार्लमेंटने नेमणुकीचा तो हक्क रद्द केला. १९२९ साली बाहेर पडलेल्यांच्या वारसांपैकी बहुतेक पुन्हा राष्ट्रीय चर्चला मिळाले. सभात्यागाची मूळ मागणी, म्हणजे लोकांवर लोकांना नको असलेला पाद्री लादू नये, ही अशा रीतीने ३१ वर्षांनी मान्य झाली. ज्यांनी घरे सोडली, त्यांतील पुष्कळांनी तो दिवस पाहिला नाही. चामर्स तर १८४७ सालीच वारले. तरी त्यांच्या एकीचे श्रेय नाकारता येणार नाही, आणि त्या ३००० पौंडांचा हिशेबही पुसता येणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहून ठेवाव्या लागतात.